रसिकाची नोंदवही

छाणी तेव्हा अर्धं गाव होतं, अर्धं बडोदे. मानसिंगराव फौजदार तिथे बदलून आले १९९७ साली आणि आल्याआल्या त्यांनी शाळेच्या मैदानावर रविवारचा वर्ग सुरू केला. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना पोलीस भरतीसाठी तयार करायचं. धावणं आणि कवायत ते घेत, लेखी पेपराची तयारी माझ्याकडे. मी शाळेत शिकवत असल्यामुळे सगळे मला नलिनीबेन म्हणत, मराठी घरांतली मुलंसुद्धा.

वर्गात अठरा मुलगे आणि एकच मुलगी, रसिका. तिचे वडील रमाकांत रेल्वेत गँगमन. मुलीने पोलिसात जाणं त्यांना पसंत नव्हतं. मी त्यांच्या क्वार्टरवर गेले, चहा घेतला आणि शब्द दिला की वर्गात मी आहे, तिची काळजी माझी. माझ्या शब्दावर त्यांनी तिला पाठवली.

मानसिंगरावांचा आवडता धडा नोंदवहीचा. प्रत्येकाने ठरलेल्या नाक्यावर सकाळी तासभर उभं राहायचं आणि दिसेल ते लिहायचं: वाहन, नंबर, रंग, वेळ. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. रेघेखालचं वाचता आलंच पाहिजे. आकडा गिरवला तर नाव वर्गातून कमी. एकाने तर फौजदारसाहेबांच्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या ‘अनोळखी जाड बाई’ची नोंद केली. त्या त्यांच्या सौभाग्यवती होत्या. साहेबांनी त्याला दहापैकी दहा दिले आणि वही घरी दाखवू नकोस म्हणाले.

वह्या आधी माझ्याकडे येत. भाषा तपासून मी त्या मंगळवारी चौकीत पोचवत असे.

मार्चमधल्या एका रविवारी रसिकाने लिहिलं होतं: आठ वाजून दहा मिनिटं. निळ्या स्कूटरची रणछोडकाकांच्या भाजीच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, धडक. काका पडले. स्कूटर थांबली नाही. पुढे इंग्रजी आकड्यांत नंबर होता. शेवटचा आकडा तीन.

ती स्कूटर माझ्या अंगणात उभी होती. पुढचं मडगार्ड चेपलेलं. कुत्रं आडवं आलं, असं माझा मुलगा शुभंकर सकाळी म्हणाला होता. त्याचे वडील लवकर गेले, त्याला मी एकटीने वाढवलं. त्याच महिन्यात त्याला एका कारखान्यात नोकरी लागायची होती आणि त्याआधी पोलीस तपासणी व्हायची होती. रणछोडकाकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी शुभंकरला काहीच विचारलं नाही. जेवणाचं ताट सरकवून ठेवलं, पेन उघडलं आणि तीनचा आठ केला. दोन अर्धगोल काढावे लागले, एवढंच.

आठवडाभरात, नंबरावरून बोलावलेला डभोईचा एक माणूस तणतणत चौकीत आला. शेवटी आठ असलेली स्कूटर त्याची होती आणि महिनाभर गॅरेजमध्ये उघडून पडलेली होती. पुढच्या रविवारी मानसिंगरावांनी रसिकाची वही उन्हात धरली. गिरवलेलं लगेच दिसलं. त्यांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं.

“मी नाही गिरवलं, साहेब,” ती म्हणाली.

मग आधी काय लिहिलं होतंस, असं त्यांनी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. साहेबही माझ्याकडे वळले. वही तुमच्याकडेच होती ना बेन, म्हणाले.

“चूक उघडी पडली की मुलं असंच म्हणतात,” मी म्हणाले.

रसिकाचं नाव कमी झालं. शुभंकरला नोकरी लागली. मी पेढे वाटले, रमाकांतांच्या क्वार्टरवर मात्र गेले नाही. त्यांनी मुलीला पुन्हा कुठल्याच मैदानावर पाठवलं नाही, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

अकरा वर्षांनी शहरातल्या एका नव्या मॉलच्या दारात एक सिक्युरिटीवाली बायकांच्या पर्स तपासत होती. तिने माझी पर्स उघडली आणि म्हणाली, “बेन, तुम्ही?” अंगावर गणवेश होता, पण एजन्सीचा. मला आत जाववेना. तिचा बडोद्यातल्याच अकोट्याचा पत्ता घेतला आणि तिच्या सुट्टीच्या रविवारी जाऊन सगळं सांगून टाकलं.

ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

“मला माहीत होतं. शुभंकरदादाला मी तेव्हाच ओळखलं होतं. सरळ साहेबांकडे जाणार होते. मग वाटलं, वही तुमच्याकडे जातेच आहे. तुम्हीच त्याला घेऊन जाल.”

“आणि साहेबांनी विचारलं तेव्हा?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

मी पदराने डोळे पुसले. मग तिने रणछोडकाकांची चौकशी केली. मी सांगितलं, लंगडतात, पण अजून लारीवर बसतात.

“माझं झालं ते झालं, बेन. त्यांना कुणी पाडलं ते तरी त्यांना कळू दे. पुढच्या रविवारी मी येते, आपण दोघी जाऊ.”

“शुभंकरला विचारून सांगते,” माझ्या तोंडून निघून गेलं.

ती माझ्याकडे बघून हसली. तसं हसू मला नको होतं. “विचारा,” म्हणाली.

त्या आठवड्यात शुभंकरचा पुण्याहून फोन आला. नातवाची परीक्षा, सुनेची पाठदुखी, सगळं बोलणं झालं. ते मात्र मी काढलं नाही.

रविवारी दहा वाजता रसिका आली. मी आतून कडी लावून बसले होते. तिने दोनदा हाक मारली. मग फाटक वाजलं. पडदा सरकवून पाहिलं तर ती बस स्टँडकडे वळली नव्हती, लारीच्या दिशेने चालली होती.

तिने काकांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही. मी भाजीला जाते, रणछोडकाका तोलून देतात, वर मूठभर कोथिंबीर टाकतात. मी ती घेते.