चौदाव्या दिवसाचा डाग

बासिलियाने एकतिसावं अंडं पेटीच्या भोकावर टेकवलं, डावा डोळा मिटला आणि उजवा अगदी जवळ नेला. याही अंड्यात तो होता. मधोमध, काजळाचं बोट उमटावं तसा काळा डाग.

पेटीतल्या दिव्याच्या उजेडात तिने अंडं हळूच फिरवलं. जिवंत पिल्लू उजेडाला बुजतं, अंग चोरतं. मेलेलं एका बाजूला निपचित पडतं. हा डाग ना बुजला, ना पडला. अंडं फिरलं तरी होता तिथेच राहिला. अंडं तिने डावीकडच्या टोपलीत, मेलेल्यांत ठेवलं. उजवीकडची टोपली सकाळपासून रिकामीच होती.

खिडकीला जाड गोधडी लावून खोली अंधारी केली होती. भिंतीशी बांबूच्या कणग्यांत, तापवलेल्या साळीच्या थरांमध्ये बदकाची अकराशे अंडी निजलेली होती. आज त्यांचा चौदावा दिवस. अजून चार दिवसांनी ती आतल्या पिल्लासकट उकडून, मीठ लावून विकायची, की वर्ष निघालं. ही खेप वाया गेली तर साळी तापवायची चूल पुन्हा पेटणार नव्हती. गल्लीतल्या तीन घरांच्या चुली अशाच विझल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या चर्चमधून कर्ण्यावर बायकांचं गाणं येत होतं. चार दिवस चाललेला पबासा आज, गुड फ्रायडेला, दुपारी संपायचा. प्रभूच्या यातनांची कथा. एका चटईवरच्या बायकांनी कडवं म्हणायचं, दुसऱ्या चटईने पुढचं उचलायचं. चाळीस वर्षं बासिलिया पहिल्या चटईवर बसत आली होती. बोललेलं प्रवचन कानाशी थांबतं, गायलेलं हाडात उतरतं, असं ती म्हणायची. आज मात्र तिची जागा रिकामी होती. आजच्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, हे पातेरोस गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण अंड्यांना वार कळत नाही. चौदावा दिवस चुकला तर मेलेली अंडी जिवंतांमध्ये नासतात आणि सगळ्यांना बुडवतात. म्हणून पहाटे तिने क्रूसापुढे हात जोडून परवानगी मागितली होती. बाराच्या आत आटपते, देवा.

देवाने हे उत्तर दिलं होतं.

बत्तिसावं. डाग. तेहेतिसावं. डाग. कर्ण्यावर शिपाई प्रभूला खिळे ठोकत होते.

दार ढकलून रोवेना, तिची सून, आत आली. हातात आल्याच्या काढ्याचा पेला होता. सासूला ती इनांग, म्हणजे आई, म्हणायची.

"इनांग, घोटभर घ्या. उपास म्हणजे काय वाळून जायचं?"

"दार लाव आधी."

रोवेनाने टोपल्या पाहिल्या. डावी शिगोशीग, उजवी मोकळी.

"मेली," बासिलिया कुजबुजली. "सगळी खेप मेली. मी आज पेटी लावायला नको होती. माझ्या पापाने गेली गं बिचारी."

"मग माझ्या नवऱ्याला आधी शिक्षा व्हायला हवी. तो आज सकाळी कोंबड्यांच्या झुंजीच्या गप्पा मारत होता."

"थट्टा सुचते तुला? पोरं काय खातील?"

"बघू तरी," म्हणत रोवेनाने डावीकडच्या टोपलीतलं वरचं अंडं उचललं आणि बशीच्या काठावर फोडलं.

लाल शिरांच्या जाळीत गुंडाळलेलं ते बोटभर पिल्लू बशीत आलं. ओली, विरळ लव. केवढा तरी मोठा डोळा. मान एकदा वळली, पाय ताणला गेला, मग सगळं थांबलं. बासिलियाने छातीवर क्रूस काढला. रोवेनाने दुसरं फोडलं. तेही जिवंत.

"उगाच दोन गेली," रोवेना म्हणाली. "आणि आज मांसाचा दिवस नाही, नाहीतर मीठ लावून मीच संपवली असती."

बासिलिया हसली नाही. सून घाबरलेली नाही, एवढंच तिच्या ध्यानात आलं. अकराशे अंडी मेली असं ऐकूनही ही घाबरली कशी नाही?

"मग मला दिसलं ते काय?"

रोवेनाने पेला उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

बासिलिया पेटीकडे वळली. भोकावर अंडं नव्हतं. नुसता पिवळा, गोल उजेड. तिने सवयीने डावा डोळा मिटला आणि उजवा जवळ नेला.

उजेडाच्या मधोमध डाग होता.

मग उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. उजेड स्वच्छ, धुतल्यासारखा. पुन्हा उजवा. डाग. नाताळापासून डावीकडची टोपली जरा जास्तच भरत होती. ती बदकांच्या चाऱ्याला बोल लावत आली होती. बदकं पाळणाऱ्याशी भांडलीसुद्धा होती.

उजेडावर धरलेल्या अंड्यात सगळ्यांत आधी डोळा दिसतो. लाल जाळीतला काळा ठिपका. लग्न होऊन आलेल्या रोवेनाला तिनेच ते पहिल्यांदा दाखवलं होतं. बघ, देव आधी डोळा देतो, मग पंख.

घेतानाही तो आधी डोळाच घेत असेल, असं तिच्या मनात आलं. आज एक. उद्या दुसरा?

स्टुलावरून उठताना तिने भिंतीचा आधार घेतला.

"बस इथे," ती म्हणाली. "शिकवते तुला. अंगठा बोथट टोकाला, तीन बोटं—"

रोवेना बसली. तिचा अंगठा आपसूक बोथट टोकाला गेला, तीन बोटांनी अंडं अर्धं फिरलं, थांबलं, परत आलं आणि उजवीकडच्या टोपलीत जाऊन बसलं. लगेच दुसरं. हात कुठे अडखळला नाही. वर्षाच्या सरावाचा नसला, तरी कालचाही नव्हता तो हात.

"कधीपासून?" बासिलियाने विचारलं.

रोवेनाने पेटीवरून डोळा काढला नाही. "तुम्ही पहाटे प्रार्थनेला जाता ना इनांग, तेव्हा. डावी टोपली परत बघून घेते, जिवंत ती कणगीत ठेवते. नाताळापासून."

"बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

कर्ण्यावरचं गाणं शेवटच्या कडव्यांवर आलं होतं. दुसरी चटई थकली होती. सूर खाली खाली येत होता. बासिलियाने उजवीकडच्या टोपलीतून एक अंडं घेतलं. दिवे नव्हते तेव्हा तिची आजी अंड्याची ऊब पापणीवर जोखायची; जिवंत अंडं गरम लागायचं. तिने उजवा डोळा मिटला आणि अंडं पापणीला लावलं.

"कसं आहे?" रोवेनाने विचारलं.

"गरम आहे," बासिलिया म्हणाली. आणि अंडं तिथून काढलं नाही.