ओलं गोणपाट

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

पहाटेच्या अंधुक उजेडात दूधमामा पडवीत उभे होते. हातातलं गोणपाट टपटप गळत होतं. ते त्यांनी आत्ताच विजेच्या गाडीवरून, नेमकं बॅटरीवरून उचललं होतं.

"काय करणार? चार्जिंगला लावून तुम्ही झोपलात. मी हात लावून बघितला, तर ही तव्यासारखी तापलेली!" मामी म्हणाल्या. "कॅन तापू नयेत म्हणून तुम्ही रोज काय घालता त्यांच्यावर?"

"अगं, ते दूध आहे!"

"आणि हे काय आहे ते मला सांगितलंय का कुणी?"

मामांना तरी कुणी सांगितलं होतं? त्यांनी गाडी फडक्याने पुसली, चावी फिरवली. चार्जिंगच्या पट्टीवर चारही रेघा उमटल्या. सुटलो, म्हणत त्यांनी रिकामे कॅन अडकवले.

गाडी दोन महिन्यांपूर्वी आली ती मामांच्या पाठदुखीपायी. जुन्या फटफटीला सकाळी सात-आठ किका माराव्या लागत आणि प्रत्येक किक कमरेत उतरे. ही गाडी बोटावर चाले. धूर नाही, पेट्रोलची वणवण नाही. पण आवाजही नाही, आणि तिथेच घोडं अडलं. फटफटी चढाला लागली की टेकडीवरच्या बाया धारा आवरत्या घेऊन दारात येत. आता मामा दाराशी येऊन थांबले तरी आत पत्ता नसे. प्रत्येक दारात हाका मारायच्या, वाट बघायची. घसा बसला, वेळ गेला. खालच्या दूध केंद्रावरून आठला टँकर सुटतो. मामा दोनदा चुकले आणि दूध नासलं. केंद्रवाल्याने साफ सांगितलं होतं, "मामा, तिसऱ्यांदा उशीर झाला तर ही फेरी टेम्पोला."

टेम्पो टेकडीवर चढणार नव्हता. वरच्या अकरा घरांचं दूध मग घरातच राहणार होतं.

अर्ध्या चढावर गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली. पट्टीवर एकही रेघ नाही. मामांनी चावी फिरवली, हाताने थापटलं, दोन शिव्या घातल्या. गाडी ढिम्म. त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेसात. कमरेवर हात ठेवून एक लांब श्वास घेतला आणि ते गाडी ढकलू लागले. बॅटरीचं वजन आज पहिल्यांदाच कळलं.

सगळ्यात वरचं घर बहिऱ्या आजीचं. फेरी तिथून सुरू व्हायची आणि खाली येता येता कॅन भरायचे. आजी चरवी घेऊन दारातच बसली होती.

"तुला बरी कळते माझी वेळ!" मामा तिच्या कानाशी ओरडले.

"मला कुठली कळायला? गाय कान टवकारते, मी उठते." आजीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आज चालत आलास?"

मामांनी हातवारे करून सगळं सांगितलं. आजी उठली. गाईच्या गळ्यातली घंटा सोडून तिने गाडीच्या हँडलला बांधली. "हाका मारून मरशील. ने ही."

मामांना आता सुचलं, की उताराला बॅटरी लागतेच कुठे? ते गाडीवर बसले, ब्रेक हलकेच सोडला. गाडी निघाली. घंटा खणखणू लागली.

पहिल्या घरातून बाई काठी घेऊन धावत आली. "गाय सुटली! अगं, वांगी गेली!"

आजीची गाय शेजाऱ्यांच्या वाफ्यांत शिरण्यात पटाईत होती. दुसऱ्या घरातून एकजण खुरपं घेऊन आला, तिसऱ्यातून दोघी सासू-सुना. पाच मिनिटांत सगळी टेकडी दारात!

"गाय नाही, मी आहे!" मामा बसक्या आवाजात म्हणाले. "आलाच आहात तर दूध आणा."

हसत, शिव्या देत चरव्या आल्या. कॅन भरत गेले तशी गाडी जड झाली, वेगही वाढू लागला. मामा दोन्ही ब्रेक आवळून, पाय जमिनीला घासत उतरले. टेकडी संपली तेव्हा पावणेआठ झाले होते आणि पुढे अर्धा किलोमीटर सपाट रस्ता होता. खुरपंवाला मागोमाग आला होता. त्याने खुरपं कमरेला खोचलं आणि मागून जोर लावला.

"गाय हाकायला आलो, मामा, आणि बैल झालो!"

आठला तीन मिनिटं कमी असताना दूध मापाला लागलं. केंद्रवाल्याने घंटेकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि माप वहीत लिहून घेतलं.

केंद्राशेजारच्या फिटरने मात्र बॅटरी उघडून कपाळाला हात लावला. "जोडात पाणी आहे, मामा! वर काही झाकायचं नसतं, आणि इतकी तापली तर प्लग काढायचा. पेट घेतला असता. तीन दिवस इथेच राहू दे."

मामा चालत घरी आले आणि ओसरीवर पालथे पडले. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"मग उद्या?"

"उद्या जुनी फटफटी आहेच."

"आणि किक?"

मामांनी एक हात कमरेवर नेला. मामी आत गेल्या. चुलीजवळ वाळलेलं, ऊन ऊन गोणपाट आणून त्यांनी मामांच्या कमरेवर पसरलं.

"इथे तरी चालतं ना हे? का हेही फिटरला विचारू?"