आडाळो की कोंबडो

नाहूरच्या त्या घरात दोन मराठी नांदत होत्या. एक आतली, एक हॉलमधली. आतली म्हणजे मालवणी. सुलक्षणाबाई ती मुलाशी, सुशांतशी बोलत, मासळीवालीशी बोलत, आणि फोनवर गावच्या कुंदावहिनींशी तर अशी बोलत की समोरच्या सज्ज्यावरच्या कबुतरांनीही माना वळवाव्यात. हॉलमधली मराठी मात्र एकीसाठीच राखलेली, नव्या सुनेसाठी. "श्रुतिका, तू आता चहा घेणार आहेस का?" धुतलेलं, वाळवलेलं, घडी घातलेलं वाक्य. सुशांत म्हणे, आई तुझ्याशी बोलायला लागली की वाटतं, आता हवामानाचा अंदाज सांगेल.

श्रुतिका हसायची, पण तिला ते लागायचं. पाहुण्यासाठी कपाटातला चांगला कप काढतात ना, तसं होतं ते. आणि तिला तर रोजचा पेला हवा होता. कारणही तिला ठाऊक होतं. साखरपुड्याला तिच्या मुलुंडच्या आत्याने सुलक्षणाबाईंचा एक शब्द ऐकून, ही कुठली गं भाषा, म्हणत तोंडाला रुमाल लावला होता. तेव्हाच आतल्या मराठीला कडी बसली. मध्ये एकदा श्रुतिकाने धीर करून सोलकढीसाठी वाटी पुढे केली आणि म्हणाली, "आई, माका पण व्हयी." सुलक्षणाबाईंना वाटलं, थट्टा करते. वाटी काठोकाठ भरली, पण नजर वर आली नाही. त्या दिवसापासून श्रुतिकाने मालवणीचा नाद सोडला. बोलणं सोडलं, हौस नाही.

रविवारी सुशांत बांगडे आणायला बाजारात गेला होता. सुलक्षणाबाई जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या आणि श्रुतिका दिवाणावर तिचा हातात मावणारा व्हिडिओ गेम घेऊन बसली होती. लग्नात रुखवतापेक्षा जपून आणलेला. त्यात एक कोडं असे: चौकटीत बारीक बारीक घरं, कडेला आकडे. आकडा सांगेल तेवढी घरं सलग काळी करायची, उरलेल्यांवर फुली मारायची. जमत गेलं की चित्र उमटतं. भरलेलं घर मागे घेता येत नाही. चुकलं की वरच्या तीन लाल बदामांतला एक जातो, आणि तिन्ही गेले की सगळी पाटी कोरी.

सुलक्षणाबाई रोज खांद्यावरून डोकावत, हे श्रुतिकाला कळत होतं. आज त्या हॉलमधल्या मराठीत म्हणाल्या, की दहा घरांच्या ओळीत सात सलग असतील, तर इकडून मोजा नाहीतर तिकडून, मधली घरं काळी होणारच. श्रुतिकाने भरली. बरोबर निघाली. ती सरकली, दिवाणावर जागा झाली. वालाची परातही वर आली.

मग दोघींचं डोकं एकाच चौकटीत शिरलं. खाली आडवी फळी उमटली. फळीतून बाक घेत मान वर आली. टोकाशी एक दाता दिसला, मग दुसरा. सुलक्षणाबाईंचे हात वालात थांबले.

"अगो, ह्यो आडाळो!"

आडाळो म्हणजे विळी, टोकाला खोबरं खवायची दातेरी चकती असलेली. जन्मभर जिच्यापुढे बसल्या, ती त्यांना ओळखू येणार नाही? गेम त्यांनी ओढूनच घेतला. श्रुतिका सांगत राहिली, आई, आकडे बघा, तिथे एकच आहे. ऐकतो कोण. वालाच्या ओल्या बोटाने चकती गोल करायला घेतली, आणि एक बदाम गेला. लगोलग दुसरा.

"आई, तो आडाळो नाहीये."

"तुका काय्येक कळना नाय! नारळ कोण खवता ह्या घरात? तू काय मी? गप रव गो चेडवा, माका भरूक दी!"

आणि त्या थबकल्या. ओला हात तोंडावर गेला. चेहरा असा झाला, जसा आतल्या खोलीचं दार उघडं टाकून बाहेर आल्यावर कुणाचा होतो. हळूच, घडी घालत त्या म्हणाल्या, "माफ कर हं, श्रुतिका. माझ्या तोंडून चुकून…"

श्रुतिकाच्या कानात मात्र आधीचाच शब्द होता. चेडवा म्हणाल्या. पोरी म्हणाल्या. आता घाई केली, तर उरलेला बदामही जायचा. तिने गेमकडे बोट दाखवलं.

"आई, भरलेलं घर मागे घेता येत नाही. तुम्हालाच माहितीये."

सुलक्षणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. थट्टा शोधत होत्या. सापडली नाही. मग डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, गालात हसू शिरलं, आणि परातीतले वाल हलले इतक्या त्या हसल्या.

"मगे बसलंस काय? भर!"

श्रुतिकाने आकड्यांनी मोजत मोजत भरलं. दात्यांच्या खाली डोळा आला, पुढे चोच आली, फळीच्या मागे झुपकेदार शेपूट. दाते म्हणजे तुरा. पडद्यावर कोंबडा उभा राहिला आणि आरवला.

"मेलो! आडाळ्याचो कोंबडो झालो," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आणि तू बघत काय रवलंस? ऊठ, वडे करूया. पीठ काढ!"

दारात पिशवी घेऊन सुशांत उभा होता. आतून आलेला तो आवाज, ती बोली. सवयीने तो ओरडला, "काढतंय गो आये!"

"तुका नाय रे," आई म्हणाली. "हिका."