विहिणींचं इंग्रजी

लेकाने परदेशी मुलगी पसंत केली, त्याला माईंची ना नव्हती. माईंचं डोकं तापलं ते पुढच्या बातमीने: लग्नानंतर तो सासुरवाडीलाच राहायला जाणार. "तिच्या आईचा तसा हट्टच आहे गं," असं लेक म्हणाला, आणि त्या दिवसापासून न पाहिलेली विहीण माईंच्या डोळ्यांत खुपायला लागली.

फोनवर तिला चार शब्द सुनावावेत, तर भाषेची पंचाईत. माई बोलणार, लेक त्याचं इंग्रजी करणार, होणारी सून ते आपल्या भाषेत आईला सांगणार. माईंनी कितीही तोंडाचा पट्टा सोडला, तरी पलीकडे विहीण गोड हसायची. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग माईंनी गुपचूप इंग्रजीची शिकवणी लावली. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या वाक्यं घोकायच्या, गिऱ्हाइकाची कंबर इंग्रजीत मोजायच्या. पण शिकवणी पडली प्रवाशांसाठीची. विमानतळ, हॉटेल, हरवलेलं सामान, सगळं होतं. विहिणीशी भांडायचा धडा काही त्यात नव्हता.

लग्नाची बोलणी करायला विहीण लेकीला घेऊन घरी आली. चहा झाला, मुलं कपबशा विसळायला आत गेली, आणि माईंनी कंबर कसली.

"बाई," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझं सामान चुकीच्या विमानात चढलंय." आणि आत उभ्या लेकाकडे बोट दाखवलं.

विहीण दचकली. मग तितक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझंही." तिचं बोट आपल्या लेकीकडे होतं. "मुलगी इथे राहणार. हट्ट तुमचा."

"माझा? अहो, हट्ट तुमचा!"

हिनेही चोरून शिकवणी लावली होती तर! मुलं बाहेर आली, तेव्हा दोघी एकाच सोफ्यावर खेटून बसल्या होत्या आणि दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

"आई, सांगणारच होतो," लेक चाचरत म्हणाला. "नोकऱ्या तिसऱ्याच देशात मिळाल्यात. तिकडे दोघांचंही इंग्रजीवर भागतं."

"आणि पोरं झाली की? ती काय बोलणार?"

"इंग्रजीच, आई."

माईंना रडूच फुटलं. "मग एवढं सांग. बाळ रडायला लागलं, तर 'उगी उगी, माझं पिल्लू ते' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

ऑफिसात तासन्‌तास इंग्रजी झाडणाऱ्या लेकाने डोकं खाजवलं आणि होणाऱ्या बायकोकडे पाहिलं. तिलाही मीटिंगपुरतंच येत होतं.

"डोंबल तुमचं इंग्रजी! साधं बाळ गप्प करता येत नाही," माईंनी डोळे पुसले. "ते काही नाही. रोज फोन लावायचा. मी आपल्या भाषेत लाड करणार, ह्या त्यांच्या भाषेत करतील. इंग्रजीत तुम्ही दोघं भांडा."

लेकाने ते मुलीला सांगितलं, मुलीने आईला. विहीण आधी खो खो हसली, मग माईंचा हात घट्ट धरून मुसमुसायला लागली. माई तिची पाठ थोपटत राहिल्या.

"बघत काय उभा राहिलास?" त्या लेकावर खेकसल्या. "पाणी आण की त्यांना!"