रिळाची दुसरी बाजू

खुट्ट.

बाथरूमच्या मिट्ट काळोखात तिचे हात जागच्या जागी थांबले. बाहेरून कुणीतरी कडी चाचपत होतं. दुपारभर झोपेल म्हणून जिच्या भरवशावर हा सगळा घाट घातला होता, ती बिट्टी, तिची साडेचार वर्षांची लेक, उठली होती.

"बिट्टू, दार ढकलायचं नाही हं. उजेड आला की सगळं पुसून जाईल."

बाहेर जरा वेळ विचार झाला. "अंधारात अंघोळ करतेयस?"

अंघोळच होती, पण फिल्मची. बोटांनी चाचपत तिनं शेवटचा वेढा चकतीच्या खाचेत सरकवला, फिल्म धुवायच्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा दाबून पाहिलं आणि मगच दिवा लावला. दाराच्या फटीतला टॉवेल काढला तशी बिट्टी आत घुसली आणि उपड्या बादलीवर ठाण मांडून बसली.

बाबा गेल्यावर त्यांचा चावीचा सिनेमा कॅमेरा तिच्याकडे आला. आत एक रीळ तसंच पडलेलं होतं, पूर्ण काढलेलं पण कधीच न धुतलेलं. तुझ्या जन्मानंतर तो कॅमेरा मोडला तो मोडलाच, असं तिची आई नेहमी सांगायची. आईला आता घरात सगळे आजीच म्हणत. पण चावी दिली तर कॅमेरा छान घरघरत चालला. म्हणजे तो मोडलाच नव्हता, आणि रीळ आपल्याच लहानपणाचं असणार, हे तिनं मनाशी धरलं.

आणि तिला ते हवंच होतं. तिचा तान्हेपणीचा एकही फोटो घरात नव्हता. तू छोटी असताना कशी होतीस, हे बिट्टीचं रोजचं टुमणं, आणि आजीचं ठरलेलं उत्तर: कशी म्हणजे काय, रडकी.

जुन्या फिल्म धुऊन देणाऱ्या माणसानं बजावलं होतं की ताई, रंगांचा नाद सोडा, काळी-पांढरी धुवा, निदान चेहरे तरी हाती लागतील. पण हिचा हट्ट. बाबांनी जे जसं पाहिलं ते तसंच पाहायचं. म्हणून रंगीत धुलाईच्या तीन बाटल्या मागवल्या, आणि नवरा कामावर, लेक झोपलेली, अशी दुपार गाठली. आजीनं मात्र त्यात काही नसेल, फेकून दे, असा आठवडाभर धोशा लावला होता आणि आज सकाळपासून चक्क अबोला धरला होता. आता स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. सोलल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

टबातल्या गरम पाण्यात तिन्ही बाटल्या बुडवल्या होत्या. थर्मामीटर होता तरी सवयीनं तिनं टबातला थेंब मनगटावर घेऊन पाहिला, बिट्टीच्या दुधाची बाटली पाहायची तसा. एक औषध ओतायचं, घुसळायचं, काढायचं, मग पुढचं. डब्याची दांडी फिरवायचं काम बिट्टीनं मागून घेतलं आणि तिसऱ्या बाटलीपर्यंत ती फिल्म 'माझी फिल्म' झाली.

झाकण उघडलं आणि ती हिरमुसली. सगळं निळं. झाडं निळसर, माती निळसर, माणसं चांदण्यात उभी असल्यासारखी. पिवळा रंग देणारा थर सगळ्यांत वरचा, इतक्या वर्षांत तोच आधी खराब झाला होता. तो माणूस बरोबर बोलला होता, पण चित्रं होती. तिनं फिल्म गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगली आणि डोळ्याला भिंग लावलं.

असलं रीळ कॅमेऱ्यातून दोनदा जायचं. आधी फिल्मच्या अर्ध्या रुंदीवर चित्रं घ्यायची, मग रीळ उलटं करून उरलेल्या अर्ध्यावर. बाबा विसराळू. एकदा ते उलटायलाच विसरले, आधीच्याच बाजूवर पुन्हा चित्रं घेतली, आणि आत्याच्या पोटातून अख्खी बस गेली. आत्या म्हातारपणीही पाहुण्यांना ती बस दाखवायला लावायची.

पहिल्या बाजूला आजी होती, पण कोवळी, केस उडालेली, कॅमेऱ्याला जीभ दाखवणारी. तिला हसूच आलं. मग दुसरी बाजू सुलट दिसावी म्हणून तिनं फिल्मचं खालचं टोक उचलून धरलं. पाळणा. पाळण्यात बाळ. शेजारी तेच बाळ.

"बाबा, पुन्हा विसरलात ना?" ती मोठ्यानं म्हणाली, आणि बिट्टीला जवळ घेऊन सांगू लागली की बघ, आजोबांनी फजिती केली, एका आईच्या दोन करून ठेवल्या.

बोलता बोलता ती थांबली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

बसमधून आत्या आरपार दिसत होती. इथं काहीच आरपार दिसत नव्हतं. एका बाळाची सावली दुसऱ्याच्या गालावर पडली होती. एकाच्या मुठीत दुसऱ्याचा कान होता, चांगला ताणलेला. ज्याचा कान धरला होता त्याचं तोंड रडायला वेडंवाकडं झालं होतं, आणि धरणारं खुशीत हसत होतं. तिनं पुढचं चित्र पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं, पार टोकापर्यंत गेली. दोन. दोन. दोन. बाथरूममधला नळ चालू राहिलाय, तो बंद करायला हवा, एवढंच तिला सुचत होतं, आणि तेवढंही होईना.

मागे दारात आजी उभी होती. हातात मटारचं भांडं, भांड्यात चार दाणे.

"दिसल्या?" आजी म्हणाली.

ती तिथंच खाली बसली, पण फिल्मचं टोक हातातून सुटू दिलं नाही.

आजी थांबत थांबत सांगत गेली. दोघींना एकदमच ताप आला होता. दवाखान्यात दोन नेल्या आणि एक परत आणली. त्या दिवशी बाबांनी कॅमेरा कपाटाच्या तळाशी ठेवला, फोटो होते नव्हते ते फाडले, आणि नवराबायकोनं त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. तुला काय आठवणार होतं, असं तेव्हा वाटलं. मोठी झाल्यावर सांगू म्हटलं. मग ते राहिलं ते राहिलंच.

"ओळखू यायच्या नाहीत गं मला," आजी म्हणाली. "आई असून. म्हणून मोजे घातले होते. पिवळे तुझे, पांढरे तिचे."

तिनं घाईघाईनं भिंग लावलं. चार इवले पाय, हवेत उडवलेले. चारही पाय पांढरे, त्यावर तीच निळसर झाक. पुढच्या चित्रात तसेच. त्याच्या पुढच्यात तसेच. तिनं भिंग आजीच्या हातात दिलं.

आजीनं भांडं खाली ठेवलं. खूप वेळ ती पाहत राहिली, एका चित्रावरून दुसऱ्यावर, पुन्हा मागे. बोट फिल्मजवळ गेलं, एकीवर थांबलं, दुसरीकडे सरकलं आणि मागे आलं. मग तिनं भिंग हळूच कठड्यावर ठेवलं आणि पदरानं डोळे न पुसता नुसता पदर हातात धरून उभी राहिली.

बिट्टी कधीची आपल्या पाळीची वाट बघत होती. तिनं भिंग उचललं, एक डोळा तळव्यानं झाकला आणि आईच्या मांडीवर रेलून पाहू लागली.

"आई," ती म्हणाली, "यातली तू कुठली?"