मारुतीच्या मध्यस्थीनं

मालवणच्या वाटेवर, कट्टा गावाच्या अलीकडच्या गावात भाई मास्तरांची दोन गोष्टींसाठी ख्याती होती: लाठी आणि सिद्धान्त. लाठी त्यांच्याकडे जाऊन शिकावी लागे. सिद्धान्त आपणहून अंगावर येत.

"दुःख म्हणजे लाठीचो वार," ते सांगत. "डोळे मिटलात तर लागता. उघडे ठेवलात तरी लागता, पण खंय लागला ता कळता."

कुणाचं गलबत फुटो, कुणाची सून माहेरी जाऊन बसो, भाई सांत्वनाला हजर. हौसाबाईची कोंबडी मुंगसाने नेली तेव्हा तिने हातच जोडले, "भाई, माका नुसता रडाक देवा. त्या कोंबयेक लाठी येत नाय होती."

तालमीत भाईंचा वार पेलणारा माणूस एकच, शेजारचा गणपत. अडचण एवढीच की दोघांत अकरा वर्षं अबोला होता. दोन घरांमधल्या गडग्यात, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणात, एक फणस आपल्या मर्जीने उगवला होता, आणि तो कुणाच्या जमिनीत आहे हे सत्तेचाळीस सालापासून कोर्टात ठरत होतं. तारखेला दोघे एकाच एस.टी.ने मालवणला जात, एकाच बाकावर बसत आणि आपापल्या बाजूची झाडं बघत.

पण जोडीला उभं राहायचं तर बोलल्याशिवाय कसं चालणार? म्हणून कोनाड्यातल्या शेंदरी मारुतीला मध्ये घातलेलं होतं.

"मारुतीराया, त्येका सांग, डावो पाय उघडो पडताहा," भाई म्हणत.

"मारुतीराया, त्येका इचार, पाय बघतंस काय फणस?"

मारुती दोघांचंही शांतपणे ऐकून घेई. कोर्टही तेच करी, पण मारुतीला पुढची तारीख द्यायची सवय नव्हती.

गेल्या श्रावणात गणपतची बायको यशोदा गेली. भाई आपल्या सिद्धान्तांच्या वहीतले सहा पाठ करून त्याच्या पायरीपर्यंत गेले आणि तसेच मागे फिरले. अबोल्यात सांत्वन करायचं कसं? तेरावं झाल्यावर गणपत तालमीत आला. मारुतीलाही काही बोलला नाही. भाईंनी लाठी आडवी धरली आणि तो मारत सुटला. डोळ्यांत इतकं पाणी की नेम राहिला नव्हता. भाईंच्या उजव्या हाताचा अंगठा तेव्हापासून वाकडा आहे. हा प्रसंग त्यांनी कुठल्याच सिद्धान्तात घातला नाही.

शिमगा सरला, आणि एका संध्याकाळी गणपतने लाठी भिंतीला टेकवली.

"मारुतीराया, त्येका सांग, झिलान माका मुंबयेक बोलयल्यान हा. सोमवारच्या बोटीन जातंय. खटलो काढून घेतलंय. फणस त्येचो."

अकरा वर्षांत असा वार आला नव्हता. भाईंचे डोळे उघडेच होते. कुठे लागला ते मात्र कळेना.

"मारुतीराया," ते म्हणाले, "त्येका सांग, बरा झाला."

घरी बायकोने, दुर्गाबाईंनी, पान वाढलं. "जिंकलात म्हणा!"

"हार काय नि जीत काय, आमका सारखीच."

"मगे पानातलो भात तसोच कित्याक?"

भाईंनी वही काढली. समोरचा चालून आला तर काय करावं यावर चोवीस पानं होती. समोरचा निघूनच गेला तर काय करावं, यावर ओळ नव्हती. चार दिवस ते तालमीत एकटेच वाऱ्याला मारत राहिले. वारा मार चुकवीत नाही आणि परतही करीत नाही. त्याच्याशी माणसाने खेळायचं काय?

"रव, जाव नको म्हणान सांगा त्येका," दुर्गाबाई म्हणाल्या. "एक शब्द तो काय!"

"अबोलो आसा."

"मगे मारुतीक सांगा."

"गो, खटलो मी जिंकलंय. जिंकलेल्यान विनवणी करूची?"

"नाय, नाय. जिंकलेल्यान उपाशी रवाचा," म्हणून त्यांनी पान उचललं.

सोमवारी सकाळी मुलाकडे निघालेला गणपत पत्र्याची ट्रंक घेऊन रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात मागे चिरा पडल्याचा आवाज आला. भाई धोतराचा काचा मारून, हातात पहार घेऊन गडगा पाडत होते. पाडलेला एकेक चिरा उचलून हातभर पलीकडे, गणपतच्या परड्यात मांडत होते आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मोजत होते, "चार! पाच!"

मोजणी चाळिशीपुढे गेली तेव्हा एस.टी. येऊन थांबली. "चढतास मां?" कंडक्टरने विचारलं.

गणपतची नजर चिऱ्यांवर. गडगा सरळ पुढे येत होता. यशोदेने लावलेल्या अबोलीच्या वाफ्यापाशी मात्र तो वळसा घालून गेला आणि पलीकडून पुन्हा सरळ झाला. चोरी तर होतीच, पण बघून केलेली.

गणपतने ट्रंक खाली आपटली.

"मेल्या चोरा! चिरो खंय घातलंस रे?"

मारुती मध्ये नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच शब्द थेट येऊन भाईंच्या पाठीवर बसला. त्यांनी वळायच्या आधी पंच्याने तोंड पुसलं.

"माझ्या जाग्यात घातलंय! हिंमत आसा तर कोर्टात जा!"

"जातलंय! आत्ता जातलंय!"

"आज वकील गावात नाय. उद्या गावतलो."

"मगे उद्या जावया!" गणपत ओरडला. एस.टी. त्याला न घेताच निघून गेली.

दुर्गाबाईंनी चुलीवरच्या आधणात आणखी दोन मुठी तांदूळ टाकले.

संध्याकाळी तालमीत गणपतने लाठी उचलली. "मारुतीराया, त्येका सांग, गडगो वाकडो घातल्यान हा. असो गडगो पावसाळ्यात रवाचो नाय."

"मारुतीराया," भाई म्हणाले, "त्येका सांग, डावो पाय अजून उघडोच आसा."

आणि त्यांनी वार केला.