न झाडलेलं अंगण

सुदामच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्याची बायको जयवंती दारात उभी आहे. तो पाठीवर सॅक घेऊन उधव्याहून हिमालयात निघतो, वळून म्हणतो, "येतो," आणि ती हात हलवते. त्या वेळी तो खरंच परत आला आणि त्याने पुस्तक लिहिलं. पुढच्या चढाईत मात्र तो बर्फातच राहिला.

त्या शेवटच्या पहाटे ती दारात नव्हती. तान्ह्या हिरूने रात्रभर जागवलं होतं, नुकता कुठे डोळा लागला होता. सुदामने उठवलं नाही. जाग आल्यावर तिने नेहमीसारखा खराटा घेतला, अख्खं अंगण झाडलं, आणि आत आल्यावर खुंटीवरची सॅक दिसली नाही. माणूस बाहेर पडल्यावर लगेच झाडत नाहीत. त्याची पावलं पुसली जातात. बर्फाचा कडा कोसळायला उधव्यातला खराटा लागत नाही, हे तिलाही कळत होतं. तरी.

आता त्या पुस्तकावर माहितीपट होत होता. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शिका वर्षाला जयवंती स्वतःचंच काम करायला लगेच हो म्हणाली, ती त्या एका निरोपासाठी.

सुदामचं काम करणारा नट, नविन, डहाणूचा होता. जयवंतीने त्याला सुदामचे जुने बूट काढून दिले. कुडाच्या भिंतीला टेकून बसलेली शेजारची बायजी म्हणाली, "जयवंती, तुझा नवरा गोरा झाला गं. डहाणूचे चिकू मानवले त्याला."

सगळे हसले. नविन लाजला.

मग तो अंगणातून चालत गेला. फाटकाशी वळून म्हणाला, "येतो."

"ये," जयवंती म्हणाली. पुस्तकात हे नव्हतं. हात वर गेला तो कितीतरी वेळ खाली आला नाही.

"छान," वर्षा म्हणाली. "आता ताई, तो गेला की तुम्ही अंगण झाडायला लागा. रोजचं आयुष्य चालू राहतं, असं दाखवायचंय."

"झाडणार नाही."

"एकदाच. फक्त दोन हात मारा."

"आत्ताच गेलाय तो."

"अहो, तो तर गाडीत बसून वडापाव खातोय."

जयवंतीने खराटा उचलला. वर्षाने कॅमेरावाल्याला खूण केली. जयवंती मागे गेली आणि खराटा गोठ्याच्या छपरावर टाकून आली. वर्षा हळूच म्हणाली, "राहू दे."

जाताना नविनने बूट काढून फाटकाशी ठेवले. गाडी तलासरीच्या रस्त्याला लागली. धूळ बसली तसे अंगणात बुटांचे ठसे दिसायला लागले, दारापासून फाटकापर्यंत. हिरूने एकात आपलं पाऊल ठेवून पाहिलं.

"मोठंय," ती म्हणाली.

"हो. कडेने चाल, बाय."

सकाळी अंगणभर मोहाची पानं पडली होती. हंडा घेऊन चाललेली बायजी फाटकाशी थांबली.

"काय गं, अजून झाडलं नाहीस?"

"घरचं माणूस बाहेर गेलंय," जयवंती म्हणाली.

बायजीने ठशांकडे पाहिलं आणि हंडा सावरत ती कडेने गेली.